मी यज्ञेशकडे बघत नव्हते

शुक्रवारी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत जे झालं त्यात अनुयाचा दोष असेल तर एवढाच, की तिने ट्यूब जरा जोरात दाबली.

बदलापूरच्या त्यांच्या शाळेत विज्ञान प्रदर्शनासाठी किर्ती मॅडमनी नववी 'ब'च्या जोड्या लावल्या होत्या, त्याही चिठ्ठ्या टाकून. अनुयाच्या चिठ्ठीत निघाला यज्ञेश. वांगणीहून येणारा, डब्यातला भात चमच्याने थापून त्याचा चौकोन करणारा, हसताना नाकातून आवाज काढणारा यज्ञेश.

"मॅडम, मी दुसरी उचलू?" तिने विचारलं होतं.

"लग्न नाही ठरवायचंय अनुया, मॉडेल करायचंय."

मॉडेल धरणाचं करायचं हे यज्ञेशने ठरवलं आणि अनुयाने त्यावर तक्रार केली. कामाची वाटणी शेवटपर्यंत साधारण अशीच राहिली. धरणाची भिंत प्लॅस्टिकच्या पत्र्याची होती आणि ती खालून गळत होती. त्यावर उपाय म्हणून यज्ञेशने घरून झटपट सुकणारा गोंद आणला. "मी फट दाबून धरतो, तू वरून सोड," तो म्हणाला. अनुयाने सोडला. भसकन अर्धी ट्यूब बाहेर आली, आणि तिची दोन बोटं नि यज्ञेशचा अंगठा एकमेकांना जे चिकटले ते सुटेनात. ओढलं तर कातडी निघेल असं वाटायला लागलं. मग काही न सुचून दोघंही मान खाली घालून त्यावर फुंकर मारायला लागले.

नेमक्या तेव्हा दारात पर्यवेक्षिका गुप्ते बाई उभ्या होत्या.

"काय चाललंय हे?"

"बाई, चिकटलोय आम्ही," यज्ञेश म्हणाला.

"ते दिसतंय मला."

आणि त्या अवस्थेत, हातात हात, त्या दोघांना अख्ख्या व्हरांड्यातून ऑफिसकडे नेण्यात आलं. मैदानावर दहावीच्या मुलांची खो-खोची प्रॅक्टिस चालू होती. त्यात टीमचा कॅप्टन अवधूतही होता. जून महिन्यापासून अनुया त्याच्याकडे बघत होती आणि त्याने एकदाही वर बघितलं नव्हतं. आज बघितलं.

ऑफिसात शिपाई चांगुणा मावशींनी दोघांचे हात गरम साबणाच्या पाण्यात बुडवले. बोटं सुटली, गोंद गेला, आणि गोंदाबरोबर पुरावाही गेला. गुप्ते बाई मुख्याध्यापकांना घेऊन आल्या तेव्हा समोर फक्त दोन ओले हात होते. गोंदाची गोष्ट बाईंना पटली नाही. त्यांच्या मते नववीतली मुलं याहून बरी थाप मारतात.

शनिवारी पालकांना बोलावलं. अनुयाची आई मालिनी अंबरनाथच्या फॅक्टरीत ऑफिसर होती. ती अर्धी रजा टाकून आली. यज्ञेशचे वडील हरिचंद्र काकडीच्या मळ्यातून थेट आले आणि कुणी न सांगता चपला केबिनच्या बाहेर काढून आत आले. अनुया रात्रभर मनात भाषण तयार करून आली होती. त्यात 'अन्याय' हा शब्द चारदा होता. पण तिला बोलूच दिलं नाही.

"सर, हे कालचंच नाही," गुप्ते बाईंनी सुरुवात केली. "मी केव्हापासून बघतेय. ही मुलगी रोज मधल्या सुट्टीत वर्गाच्या खिडकीत उभी असते. आणि खाली नळापाशी कोण असतं? हा!"

आता यज्ञेश रोज नळावर डबा धुवायचा हे खरं होतं. पण नळाच्या पलीकडे मैदान होतं, ते बाईंना दिसू नये? अनुयाची कानशिलं तापली. भाषण विसरलं. ती ताडकन उभी राहिली.

"मी यज्ञेशकडे बघत नाही! शी! यज्ञेशकडे कोण बघेल? मी अवधूतकडे बघते!"

आईने मांडीवरची पर्स उचलली आणि परत मांडीवरच ठेवली. हरिचंद्रांनी एकदा मुलाकडे बघितलं, मग खाली फरशीकडे. यज्ञेशचे कान लालभडक झाले होते.

"मी कुठे बोललो बघ म्हणून?" तो एकदम उसळला. "सर, मला पण ही नकोय! दिवसभर भांडते. गोंद हिने सांडला आणि वर मलाच बोलली, तुझा अंगठा मध्ये का आला!"

"मग का आला?"

"मी फट धरली होती!"

"दोन बोटांनी धर सांगितलं होतं ना!"

"कधी सांगितलं?"

मुख्याध्यापकांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. "गुप्ते बाई," ते म्हणाले, "यांचं प्रेम आहे असं तुम्हाला अजून वाटतं?"

"सर, प्रश्न आता अवधूतचा आहे," गुप्ते बाई म्हणाल्या.

घरी जाताना रिक्षात उड्डाणपूल उतरल्यावर आई म्हणाली, "हा अवधूत अभ्यासात कसा आहे?"

"आई!"

"विचारलं फक्त. आणि त्या मुलाच्या वडिलांसमोर 'शी' म्हणालीस, ते मला अजिबात आवडलं नाही."

हे मात्र अति झालं. चिकटली ती, धिंड निघाली तिची, आणि बोलणी कोणाला? तर तिलाच! "अन्याय माझ्यावर झालाय," ती म्हणाली.

"झालाय ना? मग कसं लागतं ते तुला कळायला हवं होतं."

अनुया घरी येऊन जेवली नाही. म्हणजे आमटी-भात जेवली, पोळी नाही.

सोमवारी मधल्या सुट्टीत अवधूत आपणहून तिच्याकडे आला. तिने घाईघाईने केस सारखे केले.

"अनुया तूच ना? ऑफिसात माझं नाव कशाला घेतलं यार? गुप्ते बाई कॅप्टन्सी काढतील माझी. तू जाऊन बोल, की मी तुला ओळखत पण नाही."

"तू मला ओळखत नाहीस हे मी कसं सांगू?"

"अरे बोल ना, चुकून नाव आलं तोंडात. प्लीज हां. आजच बोल." आणि तो गेला. जाताना मित्राला म्हणाला, "क्या झंझट है!"

झंझट! जून महिन्यापासून खिडकीत उभं राहून पाय दुखवले ते याच्यासाठी! ती गुप्ते बाईंकडे गेलीच नाही. कॅप्टन्सी काढतात तर काढू देत.

प्रयोगशाळेत यज्ञेश एकटाच भिंतीला नवा पत्रा लावत होता. किर्ती मॅडम आता पहाऱ्याला बसल्यासारख्या कोपऱ्यात वह्या तपासत होत्या. अनुया त्याच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"मी ते परत घेते," ती म्हणाली.

"काय?"

"शी म्हणाले ते."

"आणि 'कोण बघेल' म्हणालीस ते?"

तिने विचार केला. खोटं बोलायचं नव्हतं. "ते पण. पण मी बघत नाही हां तुझ्याकडे."

"मी पण नाही," यज्ञेश म्हणाला. "पत्रा धर. दोन बोटांनी."

प्रदर्शन अंबरनाथच्या एका शाळेत होतं. धरण न्यायला हरिचंद्रांनी भाजीचा टेम्पो काढला. पुढे तिघं दाटीवाटीने बसले, मागे किर्ती मॅडम धरणाला धरून. टेम्पो हायवेला लागल्यावर अनुयाने धीर केला. "काका, त्या दिवशी तुमच्यासमोर मी..."

"अगं पोरी," हरिचंद्र गियर बदलत म्हणाले, "याची आय पन माझा फोटो बघून पयले शीच बोलली व्हती. आता बघ, तीन पोरा हायेत आमाला."

"काका!" अनुया किंचाळली. "बाबा!" यज्ञेश किंचाळला. हरिचंद्र हसले, थेट नाकातून. अनुया त्यानंतर खिडकीबाहेर बघत बसली ती अंबरनाथ येईपर्यंत.

प्रदर्शनात त्यांना काहीच मिळालं नाही. पहिलं बक्षीस गेलं उल्हासनगरच्या एका शाळेच्या सौरचुलीला, जिच्यावर, यज्ञेशने स्वतः हात लावून बघितलं, पापडसुद्धा भाजला गेला नसता. परीक्षक त्यांच्या टेबलापाशी आले तेव्हा फोनवर बोलत होते. धरणाच्या पाण्यावर फिरणारं चक्र त्यांनी बघितलंच नाही.

परतीच्या वाटेवर दोघंही मागे मॅडमजवळ बसले आणि त्यांना नीट बसू दिलं नाही.

"मॅडम, त्यांनी पाणी सोडायला पण सांगितलं नाही!"

"आणि मार्क आधीच लिहून आणले होते!"

"मॅडम, आपण कंप्लेंट करायची. लेखी."

"मी लिहिते."

"तू नको, तू रागात लिहिशील."

"मग रागातच लिहायची असते कंप्लेंट!"

गळणाऱ्या धरणाच्या पाण्याने किर्ती मॅडमची साडी भिजत होती, तिकडे दोघांचंही लक्ष नव्हतं.