मुके फोन

"आजचा चौथा मुका," असं म्हणत मोठ्या सिस्टरांनी हेडफोन काढला, वहीत नंबर आणि वेळ लिहिली आणि खाली रेघ ओढली.

त्यांच्या टेबलाखाली सैल झालेला प्लग बसवत असलेल्या जोडाऱ्यानं तिथूनच विचारलं, "मुका म्हणजे?"

हजेरीपटावर त्याचं पद 'जोडारी' असं होतं आणि हॉस्पिटलात त्याला सगळे त्याच नावानं ओळखत. इथे लागण्याआधी सव्वीस वर्षं त्यानं जमिनीखालच्या खड्ड्यांत उतरून टेलिफोनच्या तांब्याच्या तारा जोडल्या होत्या. त्या तारांचे दिवस भरले तेव्हा अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तो आपल्या मुलीच्या वयाच्या पोरापोरींत बसून नेटवर्कचा कोर्स शिकला. कुठे काही बिघडलं की त्याला वैताग यायच्या आधी कुतूहल वाटायचं. लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी यानं भिंतीवरचं घड्याळ खोलून ठेवलं होतं, आणि ते चांगलं चालत होतं, हे त्याची बायको अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

सिस्टरांनी त्याला समजावून सांगितलं. ही खोली म्हणजे सल्ला कक्ष. इथे दोन खुर्च्या आणि दोन फोन. घरी सोडलेल्या रुग्णांचे नातेवाईक इथे फोन करतात: गोळी जेवणाआधी की नंतर, टाक्यांना पाणी लागलं तर काय करायचं, ताप किती चढला तर घेऊन यायचं. दीड महिन्यापूर्वी जुने फोन काढून इंटरनेटवरचे बसवले आणि तेव्हापासून हे सुरू झालं. घंटी वाजते, फोन उचलावा तर पलीकडे कोणीच बोलत नाही. अधीक्षकांनी नियम घालून दिला होता. तीनदा हॅलो म्हणायचं आणि ठेवायचं. एकाच नंबरावरून पाच वेळा असं झालं की तो नंबर बंद करायचा. आतापर्यंत एकोणीस नंबर बंद झाले होते.

"रिकामटेकडी माणसं," सिस्टर म्हणाल्या. "बायकांचा आवाज ऐकायला फोन करतात."

जोडारी टेबलाखालून बाहेर आला. गुडघे झटकत त्यानं विचारलं, "वही जरा नेऊ का?"

चहाच्या सुट्टीत त्यानं वही पहिल्या पानापासून वाचून काढली. सिस्टरांचं अक्षर टपोरं होतं आणि वेळ त्या मिनिटापर्यंत लिहीत. तिसऱ्या पानावर त्याचा चहा निवला. दीड महिन्यातला एकही मुका फोन सकाळचा नव्हता. संध्याकाळचा नव्हता. रविवारचा तर नव्हताच. सगळेच्या सगळे दुपारी दोन ते चार. चाळे करणारी माणसं इतकी वक्तशीर कशी, या विचारानं त्याचं डोकं खाल्लं.

त्यानं फोन बसवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरला गाठलं. इंजिनिअर म्हणाला की आमच्याकडून सगळं ठीक आहे, आम्ही रोज तपासतो. किती वाजता तपासता, असं जोडाऱ्यानं विचारलं. रोज अकरा वाजता, असं उत्तर आलं. मग दुपारी का नाही तपासत, असं विचारल्यावर तो म्हणाला की तसं ठरलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सव्वादोनला जोडारी मागच्या आवारात, सायकली लावायच्या जागी गेला आणि आपल्या मोबाइलवरून सल्ला कक्षाला फोन लावू लागला. पहिले दोन नीट लागले, त्यानं काहीबाही विचारून ठेवले. तिसऱ्यांदा मोठ्या सिस्टरांनी उचलला.

"नमस्कार, सल्ला कक्ष. बोला."

काय बोलावं हे त्यानं ठरवलं नव्हतं. समोरची पाटी तो मोठ्यानं वाचू लागला: वाहने रांगेत लावावीत, वाहनांची जबाबदारी ज्याची त्याने घ्यावी.

"हॅलो?" सिस्टर म्हणाल्या. "हॅलो. कोण बोलतंय?"

त्यानं पाटी पुन्हा, आणखी मोठ्यानं वाचली. सायकल काढणारी एक बाई त्याच्याकडे बघत राहिली. फोनमध्ये सिस्टर शेजारच्या खुर्चीकडे वळून हळूच म्हणाल्या, "झाले यांचे चाळे सुरू." मग पुन्हा फोनमध्ये, कोरड्या आवाजात, "काम नसेल तर आजारी माणसांची लाइन अडवू नका. तुमच्या घरी कोणी आजारी पडलं म्हणजे कळेल." आणि फोन बंद झाला.

जोडारी तिथेच उभा राहिला. त्याला ऐकू न आलेला एकही शब्द नव्हता. सिस्टरांची खुर्ची करकरली होती, तीही त्यानं ऐकली होती.

वर येऊन त्यानं दार लावून घेतलं आणि म्हणाला, "सिस्टर, आत्ताचा मुका मी होतो."

सिस्टरांना आधी ती थट्टा वाटली. मग त्याचा चेहरा बघून त्यांनी विचारलं, "तुम्ही बोलत होतात?"

"पाटी वाचत होतो. दोनदा."

"आणि मी म्हणाले ते?"

"सगळं ऐकू आलं."

सिस्टरांनी वही पुढ्यात ओढली. त्या पानं उलटत गेल्या. शेजारच्या खुर्चीवरची नर्स उठून पाणी आणायला गेली ती बराच वेळ परत आली नाही.

कारण शोधायला जोडाऱ्याला दीड दिवस लागला. त्या दीड दिवसात तो जेवायचं विसरला आणि घरी बायको दोनदा काही सांगत होती, ते त्याला कळलं नाही. आवाज एकाच बाजूनं जातोय असा बिघाड आहे, हे त्यानं तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्यात नवीन काय? आपल्या घरी तीस वर्षं हेच चाललंय."

जुन्या फोनमध्ये जाणारा आणि येणारा आवाज एकाच तारेच्या जोडीतून जायचा. इथे घंटीची वाट वेगळी, जाणाऱ्या आवाजाची वेगळी, येणाऱ्याची वेगळी. आवाजाचे बारीक तुकडे होतात, सेकंदाला पन्नास, आणि प्रत्येक तुकडा आपला पत्ता घेऊन निघतो. दुपारी दोनला एक्स-रे विभाग सकाळपासूनची चित्रं दूरच्या तज्ज्ञाकडे पाठवायला घेई. ती चित्रं इतकी अवजड की हॉस्पिटलची इंटरनेटची मुख्य लाइन तुडुंब भरून जाई. मग यंत्रणा आपल्या अकलेनं नवे फोन दुसऱ्या, राखीव लाइनवर वळवी. आणि राखीव लाइनवर कोणीतरी एक गोष्ट भरायची राहून गेली होती. तिथून आपला फोन पलीकडच्याला आवाज पाठवायचा पत्ता सांगे तो इमारतीच्या आतला. दुसरा मजला, डावीकडची खोली. पण गाव नाही, रस्ता नाही. पलीकडचा माणूस बोलत राही, त्याचे शब्द निघत, आणि पोचायला जागाच नसल्यानं वाटेत नाहीसे होत.

राखीव लाइनवरचा पत्ता त्यानं दहा मिनिटांत दुरुस्त केला. मुख्य लाइनसाठी मात्र अधीक्षकांकडे जावं लागलं. प्रत्येक फोन आपल्या आवाजाच्या तुकड्यांवर तातडीची खूण करूनच ते पाठवत होता. बाहेर सोडणारं यंत्र त्या खुणेकडे ढुंकून बघत नव्हतं, आल्या क्रमानं सोडत होतं. आता खूण असलेल्यांना आधी वाट द्यायची होती. एक्स-रेच्या डॉक्टरांची तक्रार येईल, चित्रं उशिरा जातील, असं अधीक्षक म्हणाले.

"चार मिनिटं उशीर होईल, साहेब," जोडारी म्हणाला. "चित्राचा तुकडा उशिरा आला तरी चित्र पुरं होतं. बोलण्याचा तुकडा उशिरा आला तर तो फेकून द्यावा लागतो."

अधीक्षकांनी खिडकीबाहेर बघितलं आणि सही केली. बंद केलेले एकोणीस नंबरही उघडायला सांगितले. कोणाला फोन करून माफी वगैरे मागायची नाही, एवढं मात्र त्यांनी बजावलं.

सोमवारी सकाळी दहा वाजता मोठ्या सिस्टरांनी वही उघडून पहिला नंबर फिरवला. जोडारी शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर, दोन्ही बाजूंचा आवाज नीट येतोय का ते पडद्यावर बघत बसला होता. दुसरी नर्स वॉर्डात गेली होती. बरेच लोक विसरूनही गेले होते. कोणी म्हणालं, आम्ही जवळच्या डॉक्टरांना विचारलं. एकीला बोळवता बोळवता सिस्टरांची दमछाक झाली, कारण तिला सुनेबद्दलही सांगायचं होतं. जोडारी हसला, सिस्टरही थोड्या हसल्या. मग एका नंबरावर येऊन त्यांचं बोट थांबलं. एका दुपारी दोन दहा ते तीन चाळीसपर्यंत पाच वेळा.

फोन एका म्हाताऱ्या माणसानं उचलला. सिस्टरांनी सांगितलं की तुम्ही फोन केले होते, आमच्या फोनमध्ये दोष होता, तुमचं बोलणं आम्हाला ऐकू आलं नाही. काय विचारायचं होतं तुम्हाला?

"तुमचा आवाज ओळखला मी," म्हातारा म्हणाला. "तुम्ही रागावला होतात. मला वाटलं, माझंच चुकतंय काही. मग नाही केला."

सिस्टरांनी ओठ आवळले. "काय विचारायचं होतं, आजोबा?"

"ही पाणी मागत होती. घरी सोडताना सांगितलं होतं, विचारल्याशिवाय तोंडानं काही देऊ नका, ठसका लागेल. म्हणून विचारायचं होतं, देऊ का. फार दिवस नाहीत हे मला माहीत होतं. डॉक्टरांनी तेही सांगितलं होतं."

"आता कशा आहेत त्या?"

"त्याच रात्री गेली."

जोडाऱ्यानं पडद्यावरची नजर काढून घेतली. जिन्यावर कोणीतरी लोखंडी खाट ओढत नेत होतं, तो आवाज भिंतीतून येत होता.

"पाणी दिलंत का तुम्ही?" सिस्टरांनी विचारलं.

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. सिस्टरांनी हॅलो म्हटलं नाही. त्या थांबल्या.

"दिलं," म्हातारा म्हणाला. "चमच्यानं. चार चमचे. पाचव्याला ती नको म्हणाली."

"बरोबर केलंत."

"खरं सांगता?"

"त्या दिवशी तुमचं बोलणं ऐकू आलं असतं तर मी हेच सांगितलं असतं. मान थोडी उचलून, चमच्यानं, त्या मागतील तेवढं."

"मान उचलली होती मी," तो म्हणाला. मग जरा थांबून, "आता काही विचारायचं नाही. पण फोन लगेच ठेवू नका."

"नाही ठेवत," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी डोळे मिटले आणि हेडफोन एका हातानं कानाशी घट्ट धरला.

तेवढ्यात दुसरा फोन वाजू लागला. जोडाऱ्यानं दाराकडे बघितलं. वॉर्डातली नर्स आलेली नव्हती. एवढ्या वर्षांत त्यानं शेकडो फोन जोडून दिले होते, पण रुग्णांचा फोन त्यानं कधी उचलला नव्हता. त्यानं हेडफोन घातला, माइक तोंडाशी आणला आणि सिस्टरांना त्रास होऊ नये म्हणून खुर्ची भिंतीकडे वळवली.

"बोला," तो हळू आवाजात म्हणाला, "ऐकू येतंय. सिस्टर दुसऱ्या फोनवर आहेत. तुमचं सगळं मी लिहून घेतो." आणि पेन उघडून तो लिहू लागला.