काच मात्र लख्ख होती

बाटली टेबलावर आली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बाटलीत तिचेच मणी होते. मोहरीएवढे, पांढरेशुभ्र, तिनं वर्षानुवर्षं खपून घडवलेले. वापरून झालेलं अणुइंधन विरघळवल्यावर जे जहाल पाणी उरतं, त्यातलं किरणोत्सारी सीझियम तेवढं वेचून घ्यायचं आणि बाकी सगळं सोडून द्यायचं, एवढंच त्यांचं काम. प्रयोगशाळेतल्या निरुपद्रवी पाण्यात ते काम अप्रतिम व्हायचं. पण तिथे काय, कोणीही शहाण्यासारखं वागेल. खरी परीक्षा किरणांच्या कोठीत, जिथे कारखान्यातल्यासारखाच किरणांचा मारा व्हायचा. तिथे महिनाभर टिकले तरच ते कारखान्यात जाणार होते. कारखान्यात ज्या उभ्या नळकांड्यात ते भरायचे, त्यावर तिचा धाकटा भाऊ कामाला होता. मणी आत फुटले, नळकांडं तुंबलं, तर अंगभर पोशाख चढवून ते उपसायला त्यालाच आत जावं लागणार होतं.

"आले बघ तुझे वीर," साहेब खुशीत म्हणाले. "महिनाभर किरणं खाल्ली, पण एकाच्या अंगावर ओरखडा नाही. गुरुवारी कारखान्याचे बडे लोक येतायत, त्यांना दाखवू."

मण्यांकडे तिनं नंतर पाहिलं. आधी काच पाहिली. काच लख्ख होती. त्या कोठीत गेलेली काच चहासारखी तपकिरी होऊन येते, हे त्या इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं. साहेबांना खुर्चीत बसून बसून विसर पडला होता, इतकंच.

"साहेब, ही बाटली कोठीत गेलीच नाही."

साहेबांनी आधी कानांवर हात ठेवले. मग उठून दार लोटलं.

"अगं, रांग केवढी होती तिथे! आणि मणी चांगलेच आहेत. माझा विश्वास आहे तुझ्यावर."

विश्वास! इतक्या वर्षांत या माणसानं कधी धड शाबासकी दिली नव्हती, आणि आज त्याचा विश्वास उतू चालला होता. मेल्याला लाज कशी वाटत नाही, असं अगदी तिच्या ओठांवर आलं.

"नळकांडं तुंबलं की तुमचा विश्वास जाणार आहे का उपसायला? माझा भाऊ जाणार आहे!"

"आवाज खाली. पाहुणे माघारी गेले तर तुझंच संशोधन गुंडाळलं जाईल."

"गुंडाळा."

तिनं बाटली उचलली, कोठीच्या माणसापुढे आदळली आणि ती आत जाईपर्यंत तिथून हलली नाही. निकाल अजून यायचाय, असं कारखान्याला तिनंच फोन करून कळवलं. साहेबांनी तिच्याशी बोलणं टाकलं. महिनाभर ती नुसत्या रागावर जगली. तपकिरी बाटलीत पांढरेशुभ्र मणी, एवढंच तिला हवं होतं. साहेबांच्या नाकावर टिच्चून ते टेबलावर ठेवायचे होते.

बाटली आली. काच चहासारखी झाली होती. आत मणी नव्हतेच, डिंकासारखा चिकट लगदा होता. तिनं बाटली उलटी धरली, तरी तो खाली आला नाही.

ती कोठीवर चिडली, साहेबांवर चिडली आणि शेवटी स्वतःवर. आतून तिचाही त्या मण्यांवर साहेबांइतकाच विश्वास होता. डोळे भरून आले, म्हणून ती आणखीच चिडली.

तेवढ्यात भावाचा फोन आला.

"ताई, कधी येतायत तुझे मोती? इथं नळकांडं घासूनपुसून तयार ठेवलंय."

"नाही येत."

"का गं? एवढी वर्षं राबलीस आणि..."

"तुला ओंजळीनं उपसावे लागले असते, गाढवा!"

ती इतक्या जोरात ओरडली की पलीकडच्या खोलीतून साहेब धावत दारात आले. तिनं फोन ठेवला आणि बाटली त्यांच्या हातात कोंबली.

"घ्या," ती म्हणाली. "आता दाखवा पाहुण्यांना."