पाठमोरा मेळावा

फिरायला म्हणून घराबाहेर पडायचं आणि घरच चाकांवर चढवून बरोबर न्यायचं, असल्या लोकांना वहिनीच्या लेखी एकच नाव होतं: रिकामटेकडे. पण करते काय? या रिकामटेकड्यांचा मेळावा तिच्याच नवऱ्याने सुरू केला होता. दरवर्षी नवं गाव, नवं मैदान, आणि कुठूनकुठून आलेल्या कॅम्पर व्हॅन. तो गेला आणि मेळावा मुलाच्या गळ्यात पडला. मुलाचं हे पहिलंच वर्ष.

मुलाने एकेकाला फोन लावून विचारलं, तुम्हाला जागा कशी हवी? आता माणसांचा कंटाळा आला म्हणून तर या लोकांनी व्हॅन घेतलेल्या. जो तो म्हणाला, तळ्याकाठी हवी, शांत हवी, शेजार नको. आणि या गुणाच्या पुतळ्याने दिली की तश्शी! सगळ्यांची दारं तळ्याकडे, मधे ऐसपैस अंतर, ज्याला त्याला वेगळा नळ, वेगळी वीज. आपापला डबा घेऊन एकत्र जेवायला म्हणून मोठा तंबू ठोकला, तो सगळ्यांच्या पाठीमागे.

पहिल्या संध्याकाळी तंबूत वहिनी, मुलगा, सून आणि रिकामी टेबलं. बाकीची मंडळी आपापल्या दारात खुर्ची टाकून पाणी बघत बसलेली. जसं काही तळ्यातून कोणी वर येऊन त्यांना वाढणार होतं.

तेवढ्यात दातांचे डॉक्टर आले. यांच्या व्हॅनला जेवढे खण, तेवढे वहिनीच्या अख्ख्या घराला नव्हते. गोड बोलून त्यांनी सांगितलं, की फोनवर आपला ग्रुप आहेच, फोटो तिथे टाकता येतात, तेव्हा उद्याच्या बैठकीत मेळावा बंद करण्याचा विषय घ्यावा. मुलगा नंदीबैलासारखी मान हलवत राहिला. ते गेल्यावर मात्र त्याचा चेहरा पार उतरला.

"आई, बाबांनी एवढं उभं केलं आणि माझ्या हातून बुडालं, असं म्हणतील."

"म्हणतीलच. खरंच आहे ते," वहिनी म्हणाली.

म्हणाली खरी, पण तिला जुने मेळावे आठवले. पूर्वी एकाही गाडीत धड सगळं नसायचं. कोणाची शेगडी रुसायची, कोणाच्या गाद्या भिजायच्या, आणि संध्याकाळभर लोक एकमेकांच्या दारात उभे. तेव्हाही ती नाक मुरडायचीच. काही मागायला स्वतः कधी कोणाच्या दारात गेली नाही, नवऱ्याला पाठवायची. उभ्या जन्मात तिने शेजारणीपुढे चिमूटभर मिठासाठी हात पसरला नव्हता.

तिने सुनेला तंबूत चूल पेटवायला सांगितलं, पदर खोचला आणि निघाली.

पहिलं दार डॉक्टरांचं. मीठ हवंय, म्हणाली. तेही दुसरीकडे बघत. डॉक्टरांनी एक खण ओढला आणि विचारलं, "वहिनी, चार तऱ्हेचं आहे. कुठलं देऊ?"

"खारट असेल ते दे. आणि तू बसला होतास ती खुर्चीपण आणून दे तंबूत. माझे गुडघे दुखतात."

पुढे निवृत्त मुख्याध्यापिका. तिच्याकडे मोठी कढई मागितली, आणि मागणं जड गेलं म्हणून वर टोमणा ठेवून दिला, की एवढी लखलखीत आहे म्हणजे हिने विस्तव पाहिलेला दिसत नाही. नवं लग्न झालेल्या जोडप्याने पडदे ओढून घेतले होते. त्यांचं दार वाजवून कांदे-बटाटे घेतले, आणि निघता निघता त्यांचा कंदीलही उचलला. रात्रभर एकमेकांची तोंडं बघून काय करायचंय, असंही विचारलं.

मुख्याध्यापिकेच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कढई कशी वापरतात ते दाखवायला ती तरातरा मागे आलीच. जोडपं कंदिलामागे आलं. डॉक्टर खुर्ची घेऊन आले आणि तिथेच रेंगाळले, कारण परत जाऊन बसणार कशावर? बटाटे सालासकट चिरायचे की सोलून, यावर अशी जुंपली, की इकडे कसला गोंधळ चाललाय म्हणून आणखी चार दारांतली माणसं वळून बघायला लागली. बघता बघता उठून आली. येताना कोणी तेल आणलं, कोणी नुसताच सल्ला. वहिनीने एकालाही सोडलं नाही. कोणाला सुरी धरता येत नव्हती, कोणाला विस्तव समजत नव्हता.

डॉक्टरांनी दोनदा वाढून घेतलं. मग मुलाला म्हणाले, की उद्याच्या बैठकीत आधी पुढच्या वर्षीचं मैदान ठरवून टाकू. बंदचा विषय राहू दे.

मुलगा आईजवळ येऊन उभा राहिला.

"आई, तू मागायला गेलीस? तू?"

"जळलं मेलं ते मागणं. पुढच्या वर्षी दारं समोरासमोर ठेव, म्हणजे मला या वयात दारोदार हिंडायला नको." तिने वर पाहिलंच नाही. मुख्याध्यापिका कढईतले बटाटे करपवत होती, आणि ते तिला सांगणं जास्त गरजेचं होतं.