चक्राचा निळा

बुद्धपौर्णिमेला विहारासमोरची रांगोळी वैशालीची. कुणी तसं ठरवलं नव्हतं, पण कोळवणकडच्या त्या वस्तीत ते सगळ्यांना ठाऊक होतं. लग्न होऊन आली तेव्हापासून तीच काढायची, आणि संध्याकाळी वंदनेला जमलेल्या बाया म्हणायच्या, "वैशालीचा हात लई साफ हाय." वर्षभराच्या राबण्यात एवढं एकच कौतुक तिच्या वाट्याला यायचं.

यंदा घरात धाकटी जाऊ आली. धम्मदीपा लवळ्याला चित्रकला शिकलेली, दिसायला गोड, बोलायला त्याहून गोड. सासूबाई, गोजराबाई, सहज बोलून गेल्या, "यंदा धाकलीला काढू दे की. तुजी कंबर दुकती." वैशाली वरवर हसली. भात लावताना बरी कुणाला तिची कंबर आठवत नव्हती!

दुपारी धम्मदीपाने पांढऱ्या रांगोळीच्या थरावर धम्मचक्र रेखलं. ते बघून वैशालीचा नुसता जळफळाट झाला, कारण चक्र खरंच सुंदर होतं. भरायला निळे रंग दोन होते, एक गडद, एक फिकट.

"ताई, कुठला भरू?"

वैशालीला उत्तर पाठ होतं. विहारासमोरच्या खांबावरच्या जुन्या पिवळ्याजर्द दिव्याने पहिल्याच वर्षी तिला रडवलं होतं. उन्हात झगमगणारा गडद निळा त्याच्याखाली कोळशासारखा काळा पडला होता. निळा रंग दिसायला उजेडातही थोडा निळा असावा लागतो, आणि त्या दिव्यात पिवळ्याखेरीज काही नव्हतंच. तेव्हापासून ती फिकट निळाच घ्यायची. तो निदान काळा तरी पडत नसे.

"गडद भर," ती म्हणाली. "उठून दिसंल."

उन्हं होती तोवर चक्र असं खुललं की येणारी-जाणारी माणसं थांबून बघत होती. वैशाली घरात भांडी आपटत दिवस मावळायची वाट बघत राहिली.

अंधार पडला, दिवा लागला आणि निळं चक्र काळं झालं. बायांमध्ये कुजबुज सुरू झाली. "काजळ फासल्यावानी दिसतंय," कुणीतरी म्हणालंच. वैशालीच्या जिवाला गार वाटलं.

धम्मदीपा क्षणभर गोंधळली. मग तिने वर दिव्याकडे बघितलं आणि झटकन मोबाइलची टॉर्च लावली. पांढऱ्या उजेडात चक्राचा तेवढा भाग निळाशार उजळला. तिचं बघून सगळ्यांनी मोबाइल काढले. गोल उभ्या माणसांच्या उजेडात अख्खं चक्र झळाळलं, दुपारपेक्षाही देखणं. इतकी वाहवा वैशालीच्या रांगोळीची कधी झाली नव्हती.

"रंग ताईंनी सांगितला हो," धम्मदीपा हरखून म्हणाली. "मी तर फिकटच घेणार होते."

गोजराबाईंनी मान वळवली. "आगं वैशाली, गडद हितं काळा दिसतो म्हून तू दरवर्सी फिकट घेतीस न्हवं? मग हिला गडद कसा सांगितलास?"

त्या साधेपणाने विचारत होत्या. वैशाली खाली बघत पदर सारखा करू लागली.

धम्मदीपाने तिच्याकडे बघितलं. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. तिने टॉर्च बंद केली आणि मोबाइल पिशवीत टाकला.

"ताई," ती अगदी हळू म्हणाली, "पुढच्या वर्षी तुम्हीच काढा."