चोवीसचे पंचवीस

दिग्दर्शकांनी आयुष्यात एकच सिनेमा काढला होता आणि तो शंभर मिनिटांचा होता. दहा रिळं, प्रत्येक दहा मिनिटांचं. हे त्यांनी मुद्दाम, जिवाचा आटापिटा करून जमवलं होतं. चॅनेलमधली माणसं त्यांच्यामागे त्यांना एकपटकर म्हणत.

तीस वर्षांनी चॅनेलने तो सिनेमा टीव्हीवर दाखवायचं ठरवलं. रिळांवरून टेपवर उतरवला आणि तपासायला एडिटरबाईंकडे दिला. बाईंनी सौजन्य म्हणून दिग्दर्शकांना बघायला बोलावलं. इथेच त्या फसल्या, असं नंतर बऱ्याच जणांनी त्यांना सांगितलं.

दिग्दर्शक इस्त्रीचा शर्ट घालून आले. एडिटिंगच्या खोलीत दोन मॉनिटर, एक खुर्ची आणि एक स्टूल होतं. ते स्टुलावर बसले आणि सिनेमा संपेपर्यंत हलले नाहीत. संपल्यावर त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"शहाण्णव," ते म्हणाले.

"काय शहाण्णव?"

"मिनिटं. माझी चार मिनिटं कुठायत?"

"कुठे गेली नाहीत सर. सगळं आहे."

"सगळं आहे तर शंभर का भरत नाहीत?"

बाईंनी समजावलं. सिनेमात सेकंदाला चोवीस चित्रं असतात. टीव्हीला आणि त्यांच्या मशीनला पंचवीस लागतात.

"मग चोवीसच दाखवा."

"मशीनला चोवीस माहीतच नाही."

"मग ते पंचविसावं आणता कुठून?"

"पुढच्या सेकंदातलं ओढून घेतो."

"आणि पुढच्या सेकंदाला?"

"त्याच्या पुढच्यातलं."

दिग्दर्शकांनी थोडा विचार केला. "म्हणजे शेवटी शेवटी काही उरतच नाही."

"तिथेच तुमची चार मिनिटं जातात."

हे त्यांना समजलं, पण पटलं नाही. दुसऱ्या दिवशी ते एक जाड वही घेऊन आले. तिच्यात सिनेमातले सहाशे बारा शॉट क्रमाने लिहिले होते. एखादा तरी गाळलेला असणार, याची त्यांना खात्री होती. बाईंनी एकेक शॉट दाखवायचा आणि त्यांनी वहीत खूण करायची, असं तीन दिवस चाललं. मधे एकदा दोनशे चाळीसावा सापडेना, तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. पण वहीची दोन पानं चिकटली होती, एवढंच. तिसऱ्या दिवशी दुपारी सहाशे बारावा शॉटही जागेवर मिळाला.

"सगळे आहेत," दिग्दर्शक म्हणाले. त्यांचा आवाज पडला होता.

"मी तेच तर म्हणत होते."

"पण माणसं घाईत आहेत हो. माझ्या सिनेमात कोणालाही घाई नव्हती."

बाईंना आता त्यांची दया यायला लागली होती. त्या म्हणाल्या, आणखी एक मार्ग आहे. दर सेकंदाला एक चित्र दोनदा दाखवायचं. चोवीसचे पंचवीस होतात, वेगही मूळचाच राहतो. संध्याकाळपर्यंत त्यांनी सहावं रीळ तसं करून दाखवलं. ते बरोबर दहा मिनिटं भरलं. दिग्दर्शक खूश झाले, पण पुलाचा शॉट येईपर्यंतच. त्यात नायिका लांबलचक पूल चालून जाते आणि कॅमेरा तिच्या बाजूने सरकत राहतो. आता दर सेकंदाला सगळं दृश्य किंचित अडखळत होतं आणि पुन्हा चालू लागत होतं.

"पुलाला उचकी लागलीय," दिग्दर्शक म्हणाले आणि घरी गेले.

चौथ्या दिवशी ते आले तेव्हा पाठोपाठ त्यांची बायकोही आली. आदल्या दिवशी त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ चुकवली होती आणि आज ती चुकू द्यायची नाही, असं तिने ठरवलं होतं. सिनेमाची नायिका तीच. लग्न नंतरचं. बाईंनी तिला खुर्ची दिली आणि पुलाचा शॉट लावला. आधीचाच, पळणारा.

ती बघत राहिली. "अहो, ही मीच की."

"मग कोण असणार?"

"तसं नाही. मी अशीच चालायचे. तुम्ही त्या दिवशी अकरा वेळा चालायला लावलंत, सावकाश, सावकाश करत. चालता चालता माझ्या पायात गोळे आले."

दिग्दर्शक तिच्याकडे बघतच राहिले. "तेव्हा बोलली नाहीस."

"तेव्हा तुम्ही दिग्दर्शक होतात."

बाईंनी उगीचच एक बटण दाबलं आणि पुढचा प्रसंग सुरू झाला. त्यात नायिका भावाला खडसावते. बायको दचकली.

"हा आवाज मात्र माझा नाही. ही तर आमची धाकटी लेक बोलतेय!"

वेग वाढला की आवाजही जरा चढून बारीक होतो, बाई ओशाळून म्हणाल्या. "सहसा कोणाच्या लक्षात येत नाही."

"आमची धाकटी बोलली आणि लक्षात आलं नाही, असं आजवर झालेलं नाही."

वेग तसाच ठेवून आवाजाची पट्टी खाली आणता येत होती. सबंध सिनेमाला दोन दिवस लागणार होते, म्हणून बाईंनी ते आधी सुचवलं नव्हतं. आता त्यांनी ते कबूल केलं. मग दोघींनी दिग्दर्शकांकडे पाहिलं.

त्यांनी पुलाचा शॉट पुन्हा मागितला. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी ते मॉनिटरकडे न बघता बायकोच्या पायांकडे बघत होते. तिने ते साडीखाली ओढून घेतले.

"पंचवीस," ते शेवटी म्हणाले. "पण आवाज हिचा हवा."

डॉक्टरांकडे ते दोघे वेळेत पोहोचले. बाईंनी दोन दिवस बसून दहाही रिळांचा आवाज मूळ पट्टीत आणला. सिनेमा रविवारी दुपारी लागला. सोमवारी दिग्दर्शकांचा फोन आला.

"मेव्हण्याने फोन केला होता. तो म्हणाला, तीस वर्षांपूर्वी थिएटरात झोपलो होतो, काल शेवटपर्यंत जागा होतो. विचारत होता, नवीन काय केलंत?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, मी काहीच नाही केलं. एडिटिंगच्या बाई चांगल्या मिळाल्या."

बाईंनी डोळे कसे आहेत विचारलं. एकात मोतीबिंदू आहे, दिग्दर्शक म्हणाले, पण अजून कच्चा आहे, डॉक्टर थांबा म्हणतात. मग त्यांनी फोन बायकोकडे दिला, कारण तिलाही बोलायचं होतं.