खणाखालचा कॉम्प्युटर

खंडेनवमीच्या दिवशी परीक्षा ठेवणाऱ्या साहेबाच्या घरी पूजाअर्चा करणारं कुणी नसणार, असं मला तेव्हाही वाटलं होतं आणि आजही वाटतं. नाहीतर कुठल्या शहाण्याने ही तारीख काढली असती?

गिरिधर सरांचा कॉम्प्युटर क्लास जालन्यात, त्यांच्या राहत्या घराच्या पुढच्या खोलीत होता. दोन हजार सहा सालची गोष्ट. मी टेंभुर्णीहून एस.टी.ने यायचे, आणि हौस म्हणून नव्हे. माझा नवरा रामकिसन सरकारी कचेरीत कारकून होता. तो गेला तेव्हा त्याच्या जागी अनुकंपावर मला घेतलं, पण अट घातली. दोन वर्षांत कॉम्प्युटरची परीक्षा पास व्हायचं, नाहीतर घरी बसायचं. पहिल्या खेपेला मी नापास झाले. माऊस माझ्या हातात ठरतच नव्हता, मी धरायला गेले की बाण भलतीकडेच पळायचा. ही दुसरी खेप होती. माझी मुदत दिवाळी झाली की संपत होती आणि यापुढची परीक्षा थेट जानेवारीत. म्हणजे आज पास झाले तर नोकरी, नाहीतर मी आणि दोन पोरी वाऱ्यावर.

या खेपेला मात्र तयारी पक्की होती. कचेरीतून घरी आल्यावर पाटावर बोटं आपटून मी टायपिंगचा सराव केला होता. धाकटी म्हणायची, आई पाटाला मारून राह्यली.

मी सकाळी लवकर पोचले, तर दारातच सरांच्या आई, रमाकाकू, भेटल्या. हातात पूजेचं ताट होतं.

"उषा, पाच मिनिटं ओट्यावर बस बाई. पूजा उरकू दे, मंग ये."

का बस, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. विधवेला हे विचारावं लागत नाही. रमाकाकू वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही त्यांच्यावर दातओठ खाल. त्यांनी माझ्यासाठी खुर्ची सावलीत ओढली आणि पाण्याचा तांब्या आणून दिला. मागच्या खेपेला मी नापास होऊन रडत बसले होते, तेव्हा त्यांनीच मला जेवू घातलं होतं. फक्त पूजेच्या वेळी मी समोर नको होते, एवढंच.

ओट्यावर बसून मला आतलं बोलणं ऐकू येत होतं. सर परीक्षक साहेबांना आणायला स्टँडवर गेले होते. आत रमाकाकू आणि सून उमा दोघीच होत्या. पुजलेल्या अवजाराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, हा त्यांच्या घरचा नियम. पण परीक्षा तर घ्यायची होती. म्हणून तोड निघाली होती, की दहा कॉम्प्युटर परीक्षेला ठेवायचे आणि सगळ्यांच्या वतीनं एक पूजेला बसवायचा. कोपऱ्यातला अकरा नंबर उन्हाळ्यापासून बंद पडलेला होता, त्याची हार्ड डिस्क गेली होती. त्यालाच तो मान मिळाला.

"अंधारल्या डब्याची कसली पूजा करायची उमा?" रमाकाकूंचा आवाज आला. मग थोड्या वेळानं, "हां, आला बाई उजेड."

समई लावली असेल, असं मला वाटलं.

मी आत गेले तेव्हा अकरा नंबरच्या डब्यावर आणि पडद्यावर नवा कोरा हिरवा खण पांघरला होता. वर झेंडूची माळ, पुढे हळदकुंकू. माझा नंबर दहा, म्हणजे अगदी त्याच्या शेजारी.

परीक्षा सुरू झाली आणि, खोटं कशाला सांगू, मला सगळं येत होतं. पत्र टाइप केलं, तक्ता काढला. बाण माझ्या बोटाबरोबर चालत होता. रामकिसन असता तर त्याला बोलावून दाखवलं असतं, इतका मला आनंद झाला होता. आणि तेवढ्यात पडदा गोठला.

माझाच नव्हे, दहाच्या दहा. सर सर्व्हरकडे धावले. सर्व्हर म्हणजे कडेचा मोठा कॉम्प्युटर, आमचे पेपर त्यातून येत आणि उत्तरं त्यात जात. त्यावर सूचना आली होती, की याच पत्त्यावर दुसरं यंत्र आहे.

"दुसरं कुठून आलं?" सर ओरडले. "कुणी सेटिंगला हात लावलाय का?"

कुणीच लावला नव्हता. परीक्षक साहेबांनी काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा सरांनी सांगितलं, की प्रत्येक कॉम्प्युटरला आपला एक पत्ता असतो, आणि दोघांना एकच पत्ता लागला की उत्तरं कुठं पोचवायची ते तारेला कळत नाही. मला लगेच कळलं. आमच्या गावात एकाच नावाचे दोन कडूबा होते. पोस्टमन, ज्याचं दार आधी उघडेल त्याच्या हातात पत्र द्यायचा.

सरांनी सर्व्हर बंद करून चालू केला. जरा वेळ चाललं, पुन्हा गोठलं. मग त्यांनी एकेका कॉम्प्युटरचा पत्ता तपासला. दहाही बरोबर. पुन्हा पहिल्यापासून तपासला. त्यांच्या शर्टाची पाठ घामानं ओली झाली होती. भिंतीवरचं घड्याळ मात्र अजिबात गोठलं नव्हतं. मी नुसती त्या मेलेल्या पडद्याकडे बघत बसले, आणि मनात सगळ्या देवांचा धावा करून झाला.

तेव्हाच माझं कोपर शेजारच्या खणाला लागलं. खण गरम होता. कान दिला तर आतून बारीक घरघर येत होती.

"सर, हे गरम लागून राह्यलं."

"अहो उषाबाई, ते उन्हाळ्यापासून बंद हाय! तुम्ही जागेवर बसा ना, मला बघू द्या."

पण गरम तर होतं. बंद चूल गरम लागत नाही, एवढं मला कळतं. मी खणाचं टोक धरायला हात पुढे केला.

"अगं ए! तू नको हात लावू!" रमाकाकू आतल्या दारात उभ्या होत्या. "पुजलंय ते."

त्यातल्या 'तू'वर जो भार पडला, तो मला बराबर कळला. खोलीतल्या सगळ्या पोरापोरींनाही कळला. मी हात मागे घेऊन मांडीवर ठेवला. चटका बसल्यासारखा तो तिथंच राहिला. सर तेव्हा टेबलाखाली वाकून तारा चाचपत होते.

वेळ संपली. परीक्षक साहेबांनी पेन खिशाला लावलं. उमा प्रसादाचं ताट घेऊन आली, आणि जाता जाता नवऱ्याला म्हणाली,

"आता अकरा नंबर बंद करू का? तुमची सीडी काढून ठेवते."

"कोणती सीडी?"

"ती हो, लाल अक्षराची. ती घातली की बंद पडलेलंबी चालू होतं, तुम्हीच दाखवलं व्हतं. आईंना पूजेला उजेड पाह्यजे व्हता. मंग पडदा बंद केला, डबा तसाच चालू राह्यला."

ती सीडी सरांनी सर्व्हरसाठी करून ठेवली होती. सर्व्हर कधी बिघडला तर तिच्यावरून काम चालावं, म्हणून तिच्यात सर्व्हरचाच पत्ता घातला होता. ज्या कॉम्प्युटरमध्ये ती घालावी, तो स्वतःला सर्व्हर समजायचा. उमाला हे कुणी सांगितलं नव्हतं. ती बिचारी ताट धरून उभी राहिली.

सरांनी अकरा नंबरची तार उपटली. त्याबरोबर दहाच्या दहा पडदे जागे झाले, आणि प्रत्येकावर एकच ओळ आली, की परीक्षेची वेळ समाप्त.

परीक्षक साहेब म्हणाले, "केंद्राची तांत्रिक अडचण म्हणून लिहून देतो. सर्वांची फेरपरीक्षा जानेवारीत."

पोरं खूश झाली. एकानं तर, बरं झालं, माझा अभ्यासच झाला नव्हता, म्हणून टाळी दिली.

"साहेब, माझी मुदत दिवाळीनंतर संपती."

"ते तुम्ही तुमच्या कचेरीत बोला, बाई."

सर म्हणाले, "मी येतो तुमच्यासोबत. साहेबाला समजावून सांगतो."

काय सांगणार होते? आमच्या कचेरीत पास का नापास एवढंच विचारतात. पत्त्याचं, सीडीचं, खणाचं कोण ऐकून घेणार? रामकिसनची खुर्ची गेली, हे मला तिथं बसल्याबसल्या कळून चुकलं होतं. मला सरांचा राग आला, उमाचा आला, काकूंचा तर इतका आला की रडूसुद्धा येईना.

एकेक करून खोली रिकामी झाली. रमाकाकू दारातच उभ्या होत्या, पदराचं टोक हातात घेऊन. मी उठले आणि त्यांच्याकडे बघत हात पुढे केला. खण बाजूला सारला, माळ खाली पडली, आणि उघड्या डब्यावर पूर्ण तळवा टेकवला. या खेपेला मला कुणी अडवलं नाही.

"गरम हाय का गं?" काकूंनी अगदी हळू विचारलं.

"हाय काकू," मी म्हणाले. "अजून हाय."