शिंपीणबाई, तंग आवळा!

मी एक घोडी बोलतेय, आणि मध्ये कोणी बोलायचं नाही. आयुष्यभर तुम्ही बोललात आणि मी कान हलवले. आज तुम्ही ऐका.

माझा जन्म एका मोठ्या पागेत झाला. जन्मून तासभर होतो न होतो तोच मी चारी पायांवर धडपडत उभी राहिले होते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे ज्या माणसांना मी शिकवलं, त्यांना माझ्या पाठीवर नुसतं सरळ बसायला महिनेच्या महिने लागले.

माझा पहिला मालक एक हौशी व्यापारी. त्याने मला लेकीच्या वाढदिवसाला घेतलं. लेक माझ्या गळ्यात पडली, ‘माझी सोनी’ म्हणाली, फोटो काढून झाले आणि थोड्याच दिवसांत तिला सायकल आवडायला लागली. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण लीद काढायला माणूस लागतो. व्यापाऱ्याने मला घोडेस्वारी शिकवणाऱ्या एका शाळेला विकून टाकलं.

तिथे माझी सगळी उमेद गेली. काय एकेक नग पाठीवर बसले! ‘घाबरू नकोस हं,’ असं मला सांगणाऱ्याचेच गुडघे लटपटत असायचे. लगाम धरायचा तो बुडत्याने काडी धरावी तसा. आणि काम अडलं की ‘घोडं कुठं पेंड खातंय’ म्हणून विचारायचं! अडतं तुमचं, नाव मात्र आमचं.

शाळेत मी एक विद्या शिकले. खोगीर ज्या पट्ट्याने पोटाखालून बांधतात त्याला तंग म्हणतात. तो कोणी आवळू लागलं की मी श्वास भरून पोट फुगवते. बांधणाऱ्याला वाटतं, झालं घट्ट. मग मी हळूच श्वास सोडते, तंग सैल पडतो, आणि स्वार रिकिबीत पाय घालून वर चढायला जातो तो खोगिरासकट माझ्या पोटाखाली. असं एकदा आपटलं की माणूस जन्मात विसरत नाही. तंग बांधल्यावर घोड्याला चार पावलं चालवायचं, तंग पुन्हा तपासायचा आणि मगच चढायचं. आमच्या सरांना घसा फोडून जे जमत नसे ते मी एका श्वासात शिकवायची.

पुढे वय झालं. गुडघे कुरकुरू लागले. शाळेच्या मालकीणबाईंनी मला कोणाला तरी देऊन टाकायचं ठरवलं. पण त्यांचा एक नियम होता. मागे त्यांनी एक म्हातारा घोडा एका फार प्रेमळ कुटुंबाला दिला होता. त्या कुटुंबाने त्याचे इतके लाड केले, पाव काय, केक काय, की तो पोटाच्या दुखण्याने मेला. तेव्हापासून, घोड्याची निगा आणि स्वारीची पहिली परीक्षा जो पास होईल त्यालाच घोडा मिळणार. कोणी पास झालं नाही तर महिनाअखेर जनावरांचा व्यापारी गाडी घेऊन येणार. तो माझे दात पाहून गेलासुद्धा होता. त्याने नेलेल्यांचं पुढे काय होतं, हे पागेत कोणी मोठ्याने बोलत नसे.

आणि माझ्यासाठी परीक्षेला बसलं कोण? तर शिंपीणबाई!

आमच्या झुली उसवल्या की त्या शिवायला ही यायची. पन्नाशीची, ठेंगणी, तोंडात टाचण्या धरून बोलणारी. माझ्या झुलीचं माप घेताना तिने आधी मला विचारलं होतं, “टेप लावू का गं?” तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. ही बाई मुंगीलाही ‘जरा सरक’ म्हणणाऱ्यातली.

तयारी सुरू झाली. तिचे यजमान निवृत्त बसचालक. घोड्याला भिणारे, म्हणून कुंपणाबाहेर खुर्ची टाकून, पुस्तक मांडीवर घेऊन प्रश्न विचारायचे. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते मी रोज पाहिलं.

“तंदुरुस्त घोड्याची लक्षणं सांग.”

“डोळे चमकदार, अंगावर तकाकी, वेळेवर चारा खाणं, आणि मन प्रसन्न.”

“मन पुस्तकात नाहीये.”

“मग पुस्तक अर्धवट आहे, अहो.”

“बरं, चालता घोडा थांबवायचा कसा?”

“अंग जरा मागे घ्यायचं, लगाम हलकेच धरायचा.”

“हं. आणि त्याआधी आरशात मागचं बघायचं.”

“अहो, घोडीला आरसा असतो का!”

पाठांतर बाईंचं चांगलं होतं. खूर साफ करायला तिच्याइतका हलका हात कोणाचा नव्हता. सगळं घोडं अडलं होतं ते तंगापाशी. मी पोट फुगवून कान पाडले की तिचा जीव कासावीस व्हायचा. “दुखतंय का गं?” म्हणत ती तंग आणखी सैल करायची. मग काय, चढताच धपकन खाली. आणि मातीत बसून उलट मलाच विचारायची, “तुला नाही ना लागलं?”

मला हात असते तर कपाळावर मारून घेतला असता. अगं बाई, आवळल्याने दुखत नाही, जरा नको वाटतं इतकंच! बाकीचे एकदा पडून शिकले. ही पाचदा पडली, तरी पालथ्या घड्यावर पाणी.

सरही वैतागले. “शिंपीणबाई, बाहीला टाका सैल घालता का तुम्ही?”

“छे हो, सर!”

“मग इथेच का हात आखडतो?”

“कापडाला दुखत नाही, सर.”

सरांनी डोकं धरलं. “परीक्षेत तंग सैल दिसला तर तिथेच नापास. चढूसुद्धा देणार नाहीत. आणि मग म्हातारी जाईल त्या गाडीत. बघा, घोडामैदान जवळच आहे.”

ती माझ्या मानेला कपाळ टेकवून उभी राहिली. पुन्हा तेच! मला कपाळ नको होतं, घट्ट तंग हवा होता.

परीक्षेच्या दिवशी मी मनाशी पक्कं ठरवलं, आज पोट फुगवायचं नाही. बाईला नाही जमत तर आपणच सांभाळून घेऊ. परीक्षक म्हणून एक कडक चेहऱ्याच्या बाई आल्या होत्या. शिंपीणबाईने खोगीर ठेवलं, तंग पोटाखालून घेतला, तो माझ्या कातडीला लागला मात्र आणि भसकन माझं पोट भरलं. जित्याची खोड! मला स्वतःचा असा संताप आला म्हणता!

तिने बक्कल लावलं. रिकीब ओढली. पाय उचलला. झालं, मी म्हटलं, आता गाडीच.

पण तिने पाय खाली घेतला. मला चार पावलं चालवलं, थांबवलं, तंगाखाली बोटं सरकवून पाहिली. मी कान पाडले. ती माझ्या कानाशी पुटपुटली, “नको वाटतंय ना? वाटू दे. आज मी तुझं ऐकायची नाही.” आणि असा दणदणीत आवळला तंग की मी वळून तिच्या कोपरावर दात लावले.

“ए!” ती ओरडली. माझ्यावर! पहिल्यांदा!

परीक्षकबाईंनी मान वर केली. “चावते का ही?”

“चावते. पोटही फुगवते. एक नंबरची लबाड आहे.”

“अगं, असं सांगतात का!” कुंपणाबाहेरून यजमान कळवळले.

पुढे दुडक्या चालीत ती धान्याच्या पोत्यासारखी आपटत राहिली. माझ्या पाठीचं भरीत झालं. पण खोगीर तसूभर हललं नाही. बाई काठावर पास झाली.

आता मी तिच्या दुकानामागच्या शेडमध्ये असते. खायला मिळतं ते मोजून. शेजारीपाजारी काहीबाही घेऊन येतात आणि ही त्यांना दारातूनच परत पाठवते. तेव्हा मला तिचा भयंकर राग येतो.

मागच्या आठवड्यात भर दुपारी माझ्या पोटात कळा उठल्या. खाली पडून गडाबडा लोळावं, दुसरं काही सुचत नव्हतं. जनावरांचे डॉक्टर फोनवर म्हणाले, “मी पोचेपर्यंत लोळू देऊ नका. चालवत राहा.” मी पाय रोवले. दात दाखवले. तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की पूर्वीची शिंपीणबाई असती तर तिथेच विरघळली असती. तिच्या डोळ्यांना धार लागली होती, पण दोरी सोडली नाही तिने. “शिव्या दे मला,” म्हणत होती, “पण चल.” डॉक्टरांची गाडी दारात येईपर्यंत आम्ही अंगणात फेऱ्या घालत होतो. मी वाचले.

म्हणून तुम्हा सगळ्यांना हात जोडून, म्हणजे खूर जोडून, सांगते. आमच्या गळ्यात पडायच्या आधी थोडं शिकून या. माझ्यावर जीव लावणारे मला पुष्कळ भेटले. मी नको म्हणत असताना मला उभं ठेवणारी ही एकच.